आंबील

आंबील म्हणजे ज्वारीचे किंवा नाचणीचे पीठ आंबवून, शिजवून, त्यात ताक घालून केलेला पातळ पदार्थ. देशावर आणि विदर्भ-मराठवाड्यात ती बहुधा ज्वारीची, कोकणात व डोंगरपट्ट्यात नाचणीची असते. विदर्भ-मराठवाड्यात महालक्ष्म्यांच्या नैवेद्यात तिला मान आहे. पण रोजच्या जेवणात ती खरी उपयोगी पडते चैत्र-वैशाखात. सकाळी दहा-बारा मिनिटे गॅस पेटला की दुपारचे खाणे तयार होते आणि ते गार करूनच खायचे असल्यामुळे भर उन्हात पुन्हा ओट्यापाशी उभे राहावे लागत नाही.

चौघांसाठी १ वाटी पीठ २ वाट्या पाण्यात गुठळी न ठेवता कालवतात आणि विरजणापुरते २ चमचे ताजे ताक घालतात. भांडे मातीचे, काचेचे किंवा स्टीलचे घ्यावे. कल्हई नसलेल्या पितळेत किंवा तांब्यात आंबट पदार्थ कळकतो. या वेळी मीठ घालू नये, त्याने आंबण्याची गती मंदावते. एप्रिल-मेमध्ये रात्री दहाला भिजवलेले पीठ सकाळी सहापर्यंत तयार होते. थंडीत त्याला १२ तास किंवा जास्तही लागतात. कडक उन्हाळ्यात सकाळीच भिजवून दुपारभर ठेवणे टाळावे, पीठ फार आंबते. बारीक बुडबुडे आणि ताकासारखा स्वच्छ आंबूस वास ही तयार झाल्याची खूण. जरा जास्त आंबले असेल तर वर साचलेली निवळ ओतून तेवढेच ताजे पाणी घालता येते. कुबट वास, तार किंवा रंगीत बुरशी दिसली तर मात्र सगळे टाकून द्यावे. उकळल्याने ते खाण्याजोगे होत नाही.

सकाळी ४ वाट्या पाण्यात ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, जिरे आणि चवीपुरते मीठ घालून उकळी आणतात. पीठ तळाशी बसलेले असते, म्हणून ते आधी ढवळून मग बारीक धारेने ओततात. दुसरा हात सतत ढवळत असला पाहिजे. कोरडे पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकले तर गुठळीचा बाहेरचा थर लगेच चिकट होतो आणि आत पीठ कोरडेच राहते. मंद आचेवर ८ ते १० मिनिटांत कच्चट वास जातो आणि आंबिलीला चकाकी येते. ती या वेळी पातळच दिसली पाहिजे, कारण निवल्यावर स्टार्च घट्ट होतो आणि जाड शिजवलेली आंबील दुपारी पिठल्यासारखी होते.

ताक सर्वांत शेवटी, आंबील पूर्ण निवल्यावर: २ वाट्या, घुसळून. गरम आंबिलीत घातले की ते फाटते. घाईच्या घरांत पीठ आंबट ताकात कालवून लगेच शिजवतात. ती चवीला बरी लागते, पण तिचा आंबटपणा ताकाचा असतो, धान्याचा नसतो. आंबवण्याचा आणखी एक फायदा आहे. धान्यातले फायटेट (लोह धरून ठेवणारे, धान्यात मुळातच असणारे द्रव्य) काही प्रमाणात कमी होते आणि त्यामुळे लोह शरीराला जास्त मिळते. नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणून मुलांसाठी तिची आंबील अधिक चांगली.

पीठ ताजे दळलेले हवे. जुन्या ज्वारीच्या पिठाचा कडवटपणा ना लसणाने झाकला जातो ना ताकाने. सोलापूरकडची मालदांडी ज्वारी यासाठी उत्तम.

सोबत कच्चा कांदा आणि तळलेली सांडगी मिरची घेतात. ताक घातलेली आंबील त्याच दिवशी संपवावी. उरवायचीच असेल, तर ताक घालण्याआधी हवी तेवढी बाजूला काढून फ्रिजमध्ये ठेवावी. दुसऱ्या दिवशी थोडे पाणी घालून ती घुसळून सैल करता येते. रक्तदाब असलेल्यांनी मीठ बेताचेच ठेवावे.