रानात दोन दिवस, आपल्या हातांनी: स्त्रियांसाठीच्या शिबिराची माहिती

नाव नोंदवण्याआधी हे पत्रक एकदा शेवटपर्यंत वाचा.

आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणींनी पाच-सात गड केलेले असतात. राजमाची, हरिश्चंद्रगड, कोणी कळसूबाईचं शिखरही. पण नकाशा कोणाच्या हातात होता, चूल कोणी पेटवली, वाट चुकल्यावर कुठे वळायचं हे कोणी ठरवलं, असं विचारलं की बहुधा उत्तर येतं, ‘ग्रुपमधल्या दादांनी.’ म्हणून हे शिबिर फक्त बायकांचं आहे. शिकवणाऱ्याही बायकाच. प्रत्येक काम प्रत्येकीने स्वतः करायचं. दुसरीच्या हातातली काडी घेऊन ‘थांब, मी करते’ म्हणायला इथे मनाई आहे.

शिबिर शनिवारी सकाळी सुरू होतं आणि रविवारी दुपारी संपतं. जागा गडाच्या पायथ्याची, एका शेतकरी कुटुंबाच्या मालकीची. राखीव जंगलात आग पेटवणं १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे, त्यामुळे विस्तवाचं सगळं शिक्षण याच खाजगी जमिनीवर होतं.

पाणी, आणि त्याबद्दलचा संकोच

इथे थोडं स्पष्ट लिहितो. लघवीला जायला आडोसा मिळणार नाही या धास्तीने बायका ट्रेकला पाणीच पीत नाहीत. सकाळी दोन घोट, मग थेट दुपारी. बाराच्या सुमाराला डोकं दुखायला लागतं, पोटऱ्यांत गोळे येतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि पाय घसरतो तो अशाच वेळी. घरी गेल्यावर लघवीची जळजळ सुरू होते ती वेगळीच. म्हणून आमचा पहिला तास आडोशाचा असतो. पाण्यापासून सत्तर-ऐंशी पावलं लांब जायचं, बसण्याआधी गवतात काठी आपटायची, दोघींनी मिळून जायचं आणि एकीने पाठ करून ओढणी धरायची. पॅड जमिनीत पुरायचे नाहीत, जनावरं उकरून काढतात. वर्तमानपत्रात गुंडाळून दुहेरी पिशवीतून परत आणायचे. पाळीचा कप वापरत असाल तर तो धुवायला उकळून गार केलेलं पाणी वेगळ्या बाटलीत ठेवा. पाळीची तारीख आली म्हणून नाव मागे घेऊ नका.

गडावरच्या टाक्यांतलं पाणी कितीही नितळ दिसलं तरी आधी कापडातून गाळायचं आणि मग खळखळून उकळायचं. नुसत्या गाळण्याने गाळ जातो, जंतू जात नाहीत. उकळी फुटल्यावर पूर्ण एक मिनिट थांबा.

विस्तव

एकेक काडी मोडून बघायची. ‘कट्’ आवाज करून तुटली तर वाळलेली, वाकून साल सुटली तर ओली. आगपेटीच्या काडीएवढ्या, पेन्सिलीएवढ्या आणि अंगठ्याएवढ्या जाडीच्या, असे तीन ढीग आधी लावायचे. मगच ज्योत. घाई करणारीची आग विझते ती बहुतेक वेळा दुसरा ढीग अपुरा असल्यामुळे. सगळं भिजलेलं असेल तर जाड लाकूड कोयत्याने उभं चिरायचं, आतला गाभा पुष्कळदा कोरडा निघतो. व्हॅसलीन चोळलेला कापसाचा बोळा दोन-तीन मिनिटं तरी जळत राहतो. डबीभर बोळे घरूनच करून आणा. लहानपणी गावाकडे चूल पेटवलेल्या काकू इथे तरुण मुलींच्या पुढे असतात, हे आम्ही दर वेळी आनंदाने बघतो.

साप चावला तर

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर आपल्याकडची सर्पदंशाची लस चालते, आणि ती दवाखान्यातच मिळते. चिरा देणं, विष चोखणं, घट्ट दोरी बांधणं यातलं काहीही करायचं नाही. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण ताबडतोब काढा. सूज चढली की ते मांसात रुततात आणि मग कापावे लागतात. दंश झालेला हात किंवा पाय काठीला बांधून स्थिर ठेवायचा, माणसाला चालवायचं नाही आणि १०८ ला फोन करायचा. सरावासाठी आम्ही एकीला साडीच्या डोलीतून अर्धा किलोमीटर वाहून आणतो. हे काम किती जड आहे ते खांद्याला कळायला हवं.

वाट चुकली तर थांबा, बसा, पाणी प्या. शिट्टी मिनिटात सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. फोनवर ११२. नोव्हेंबर-डिसेंबरच्या संध्याकाळी सप्तर्षी दिसत नाहीत, म्हणून उत्तर दिशा शर्मिष्ठा या तारकासमूहावरून शोधायला शिकवतो. हात ताठ करून क्षितिजावर दोन मुठी एकावर एक ठेवा. आपल्याकडे ध्रुवतारा त्यांच्या वरच्या कडेपाशी सापडतो.

रानभाज्या ओळखायला पायथ्याच्या वाडीतल्या ठाकर बायका येतात. आम्ही त्यांना मानधन देतो, कारण आमच्या मते शिबिरातलं सगळ्यात जुनं ज्ञान त्यांचंच आहे. त्या एक गोष्ट बजावून सांगतात: शेवळं ही रानभाजी काकडांशिवाय (काकड म्हणजे एक आंबट रानफळ) शिजवली तर घसा खाजतो. खाण्यासारखी भाजीसुद्धा चुकीच्या रीतीने केली तर त्रास देते. दोन दिवस उपाशी राहून कोणी मरत नाही, तेव्हा अनोळखी पान, फळ, अळंबी तोंडात घालू नका.

काय आणायचं

लवकर वाळणारे पूर्ण बाह्यांचे कपडे (जीन्स नको, भिजली की वाळत नाही), चांगल्या पकडीचे बूट, तीन लिटर पाणी, टॉर्च, शिट्टी, गरम कपडा. अत्तर आणि सुगंधी तेल घरी ठेवा, कड्यांवर आग्या मोहोळं असतात. दमा, ॲलर्जी, रक्तदाब, गरोदरपण असेल तर नोंदणीच्या वेळीच सांगा. माहिती आमच्यापुरतीच राहील. वयाची वरची अट नाही. अठराच्या आतल्या मुलीसोबत आई, मावशी, आत्या, कोणीतरी मोठी बाई हवी.

मोबाइलला रेंज फक्त देवळाच्या पायरीवर येते. शनिवारी रात्री फोन लागणार नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.