कुटुंबवैद्यकातील दीर्घकालीन असंसर्गजन्य आजारांची देखभाल

मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, दमा, सीओपीडी (श्वासमार्ग कायमचे अरुंद करणारा फुप्फुसांचा आजार), मूत्रपिंडाचे जुनाट विकार अशा, एकाकडून दुसऱ्याला न लागणाऱ्या आणि सहसा पूर्ण बऱ्या न होणाऱ्या आजारांवर फॅमिली डॉक्टरने वर्षानुवर्षे ठेवलेली देखरेख. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगातील सुमारे तीन चतुर्थांश मृत्यू असंसर्गजन्य आजारांमुळे होतात.

तापाचा रुग्ण बरे वाटत नाही म्हणून दवाखान्यात येतो. रक्तदाबाच्या रुग्णाला बहुधा काहीच होत नसते. या कामाची खरी अडचण तीच. ज्याची तक्रार नाही त्याला शोधायचे, रोज गोळी घ्यायला राजी करायचे आणि पुढची वीस वर्षे ती चालू ठेवायची. वेल्समधील ग्लिनकॉरग या खाणकामगारांच्या गावातील डॉक्टर जुलियन ट्यूडर हार्ट यांनी कोणी येण्याची वाट न पाहता गावातील जवळपास सर्व प्रौढांचा रक्तदाब मोजला. ज्यांना वैद्यकीय सेवेची गरज सर्वाधिक, त्यांनाच ती सर्वांत कमी मिळते, हा त्यांचा 1971 मध्ये मांडलेला ‘उलट सेवेचा नियम’ प्रसिद्ध आहे. रक्तदाबाबाबत ‘निम्म्याचा नियम’ही सांगितला जाई: निम्म्यांचेच निदान झालेले, त्यांतल्या निम्म्यांवर उपचार आणि त्यांतल्याही निम्म्यांचा दाब आटोक्यात, म्हणजे शंभरात बारा-तेरा. अनेक देशांत आज चित्र याहून बरे आहे, पण गळतीच्या जागा त्याच आहेत.

रक्तदाबाच्या एका मोजणीवर सहसा निदान करत नाहीत. दवाखान्यातील 140/90 ही रूढ मर्यादा, तर घरी मोजलेल्या सरासरीसाठी 135/85. डॉक्टरसमोर वाढणारा आणि घरी उतरणारा दाब ओळखता आला नाही, तर विनाकारण औषध सुरू होते. मधुमेहात एचबीए1सी या तपासणीतून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर समजते. बऱ्याच प्रौढांसाठी 7 टक्क्यांच्या आसपासचे लक्ष्य ठरवतात. एकट्या राहणाऱ्या, थकलेल्या वृद्धाच्या बाबतीत मात्र ते सैल करणेच शहाणपणाचे, कारण साखर एकदम उतरून पडणे त्याला जास्त महागात पडते. शिवाय मधुमेह म्हणजे नुसती साखर नव्हे. रक्तदाब आटोक्यात ठेवल्यास टाइप 2 मधुमेहातील गुंतागुंती कमी होतात, हे 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील मोठ्या अभ्यासाने दाखवले. डोळ्यांचा पडदा, लघवीतील अल्ब्युमिन हे प्रथिन व रक्तातील क्रिएटिनिन (दोन्ही मूत्रपिंडाची स्थिती सांगणारे) आणि पाय यांची तपासणी साधारण वर्षातून एकदा करतात. पायाची संवेदना 10 ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (पायाला टेकवायच्या नायलॉनच्या बारीक तंतूने) मिनिटभरात कळते. तरी पायमोजे काढायला लावावे लागतात, म्हणून गर्दीच्या दिवशी आधी हीच तपासणी राहून जाते.

दीर्घकालीन आजारांत लिहून दिलेल्या औषधांपैकी सुमारे निम्मीच नीट घेतली जातात, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या 2003 च्या अहवालाचा अंदाज होता, तोही श्रीमंत देशांबद्दल. ‘औषध घेता ना?’ या प्रश्नाला ‘हो’ हेच उत्तर येते. ‘गेल्या आठवड्यात किती गोळ्या राहिल्या?’ असे विचारले तर खरे कळण्याची शक्यता जास्त. दम्याचा डोस वाढवण्याआधी रुग्णाला इनहेलर समोर वापरून दाखवायला सांगावे. दोष पुष्कळदा औषधात नसून ते ओढण्याच्या पद्धतीत सापडतो. अर्थात दरवेळी रुग्णच चुकतो असे नाही. आकडे वाढलेले दिसत असूनही ‘पुढच्या खेपेला बघू’ म्हणत उपचार तसेच ठेवणे, हे डॉक्टरांकडचे जाड्य.

उपचारांच्या मार्गदर्शक सूचना बहुतेक एकेका आजारासाठी लिहिलेल्या असतात. रुग्ण मात्र तीन-चार आजार एकत्र घेऊन येतो. प्रत्येक सूचना तंतोतंत पाळली तर गोळ्यांची संख्या सहज दहावर जाते. रक्तदाबासाठी एसीई इनहिबिटर (रक्तवाहिन्या सैल करणारे औषध) व लघवी वाढवणारी गोळी चालू असताना गुडघेदुखीसाठी कोणी परस्पर आयबुप्रोफेनसारखे वेदनाशामक सुरू केले, तर मूत्रपिंडावर आघात होऊ शकतो. सगळी यादी एका हाताखाली असेल तरच हे लक्षात येते. औषध बंद करणे हाही इथे उपचाराचाच भाग ठरतो.

अमेरिकेतील एडवर्ड वॅग्नर व सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात मांडलेल्या ‘दीर्घकालीन देखभाल प्रारूपा’त डॉक्टरबरोबर परिचारिका, रुग्णाचे स्वतःचे ज्ञान आणि नोंदवही यांना जागा आहे. नोंदवहीचा उपयोग साधा आहे: समोर बसलेल्याची आठवण डॉक्टरला असतेच, सहा महिने न फिरकलेला रुग्ण मात्र यादी चाळल्याशिवाय सापडत नाही.