माक्सिम गास्पारी यांची पोस्टकार्डे: तपासायला पाठवण्यापूर्वी कृपया वाचावे

मध्य युरोपातील जुनी चित्रपोस्टकार्डे आमच्याकडून घेणारे, तसेच इतरत्र घेतलेली कार्डे आमच्याकडे तपासायला पाठवणारे ग्राहक गेल्या काही काळात बरेच वाढले आहेत, आणि स्लोव्हेनियाचे चित्रकार माक्सिम गास्पारी यांच्या कार्डांविषयी तर जवळजवळ रोज विचारणा होते. प्रश्न बहुधा एकच असतो: ‘हे कार्ड खरे आहे का?’ सोबत मोबाइलवर काढलेला एक फोटो असतो, आणि तो फक्त चित्राच्या बाजूचा असतो. या एका फोटोवरून आम्हाला उत्तर देता येत नाही. मग मागच्या बाजूचा फोटो मागवावा लागतो, तो येईपर्यंत दिवस जातात, आणि तोवर तेच कार्ड दुसऱ्याच्या हाती गेलेले असते. ही अडचण टाळण्यासाठी हे माहितीपत्रक काढले आहे.

गास्पारी यांचा जन्म 1883 मध्ये त्सेर्कनित्साजवळच्या सेल्श्चेक या खेड्यात झाला आणि 1980 मध्ये, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी, ल्युब्ल्याना येथे त्यांचे निधन झाले. कामनिक या गावी असताना तेथील पशुवैद्य आणि जुन्या वस्तूंचे संग्राहक योसिप निकोलाय सादनिकार यांचा त्यांना आधार लाभला आणि चित्रकलेच्या शिक्षणाची वाट मोकळी झाली. पुढे व्हिएन्नात शिकत असताना, 1903 मध्ये, स्लोव्हेनियन आणि क्रोएशियन विद्यार्थ्यांनी ‘व्हेस्ना’ नावाचे मंडळ स्थापन केले, त्यात गास्पारी होते. त्याच काळात स्लोव्हेनियातील दुसरे चित्रकार प्रकाश आणि हवा रंगवण्याच्या मागे होते. व्हेस्नाच्या तरुणांनी मात्र लोकगीते, सणवार, शेतकऱ्यांचे पोशाख आणि दंतकथा हाच आपला विषय ठरवला. गास्पारी यांनी नंतर ल्युब्ल्यानाच्या लोकजीवनविषयक (एथ्नोग्राफिक) वस्तुसंग्रहालयात नोकरी केली. त्यामुळे त्यांच्या चित्रातील डोक्यावरचा पांढरा रुमाल (‘पेचा’), कमरेचा पट्टा किंवा लाल छत्री ही कल्पनेने रंगवलेली सजावट नसते, तर हाताळून पाहिलेल्या वस्तूंचे ते चित्र असते.

त्यांची ईस्टरची कार्डे पाहावीत. बाई अन्नाला आशीर्वाद घेण्यासाठी चर्चकडे निघालेली असते. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर ‘येरबास’ नावाची पसरट गोल टोपली आणि टोपलीवर भरतकाम केलेले कापड असते. कापडाखाली डुकराचे मांस, मुळ्यासारखे तिखट कंद, रंगवलेली अंडी आणि ‘पोतित्सा’ हा गुंडाळलेला गोड पाव असतो. आपल्याकडच्या ग्राहकांना ही चुंबळ ओळखीची वाटते आणि याच कार्डांना सर्वाधिक मागणी असते, म्हणून आम्ही ती नेहमी शिल्लक ठेवतो.

आता मुख्य मुद्दा. चित्राच्या कोपऱ्यात सही दिसली की कार्ड ‘हाताने काढलेले मूळ चित्र’ आहे, असा अनेकांचा समज होतो. चित्रकाराने मूळ चित्रावर सही केली, त्या चित्राचा छाप घेतला गेला आणि चित्राबरोबर सहीही छापली गेली. म्हणजे सहीवरून चित्र कोणाचे ते कळते. कार्ड कधी छापले, हे सही सांगत नाही. दहापट मोठे दाखवणारे भिंग लावले की छापील सही आणि तिच्या आजूबाजूचा रंग बारीक ठिपक्यांचा बनलेला दिसतो. जुन्या शिळाछापात हे ठिपके ओबडधोबड आणि विस्कटलेले असतात, नंतरच्या यांत्रिक छपाईत ते एका रांगेत जाळीसारखे येतात. खऱ्या जलरंगात ठिपके नसतात. कुंचला जिथे थांबला त्या कडेला रंग साचून गडद झालेला असतो. हस्तचित्र म्हणून विकली जाणारी कार्डे भिंगाखाली बहुधा छापीलच निघतात. आमच्या बिलावर ‘छापील’ हा शब्द स्पष्ट लिहिलेला असतो, त्यावर काही ग्राहक नाराज होतात. परंतु छापील असणे हा या कार्डांचा दोष नाही. गास्पारी यांची चित्रे घराघरांत पोहोचली ती छपाईमुळेच.

काळ ठरतो तो मागच्या बाजूवर. स्लोव्हेनिया तेव्हा ऑस्ट्रियाच्या राज्यात होता, आणि त्या राज्यात 1905 च्या सुमारापर्यंत कार्डाची मागची संपूर्ण बाजू केवळ पत्त्यासाठी असे, आणि मजकूर चित्राच्या कडेला कोंबून लिहावा लागे. त्यानंतर मधे उभी रेघ आली: डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता. प्रकाशकाचे नाव आणि मालिकेचा क्रमांक बहुधा याच बाजूला, बारीक अक्षरांत असतो. फोटो धूसर असला तर नेमका तोच वाचता येत नाही.

तिकीट आणि शिक्का यांचे महत्त्व त्याहूनही अधिक आहे. ऑस्ट्रियाचे तिकीट आणि ‘लायबाख–ल्युब्ल्याना’ असा दोन भाषांतील शिक्का असेल (लायबाख हे ल्युब्ल्यानाचे जर्मन नाव), तर कार्ड साधारणपणे 1918 अखेरपर्यंतचे आहे. साखळदंड तोडणाऱ्या पुरुषाचे तिकीट असेल, तर ते चित्रकार इव्हान वाव्ह्पोतिच यांनी आखलेले आणि 1919 च्या जानेवारीपासून वापरात आलेले तिकीट आहे. स्लोव्हेनिया पुढे ज्या नव्या राज्यात गेला, त्याचे ‘युगोस्लाव्हिया’ हे अधिकृत नाव 1929 मध्ये आले. मात्र शिक्क्यावरून कार्ड टपालात कधी टाकले एवढेच कळते. 1910 मध्ये छापलेले कार्ड दुकानात पडून राहून 1925 मध्येही टाकले जाऊ शकते, त्यामुळे शिक्क्याची तारीख ही छपाईची शेवटची मर्यादा समजावी. तिकीट सुटे करून अल्बममध्ये चिकटवणाऱ्या ग्राहकांना कळकळीची विनंती आहे की असे करू नये; तिकीट काढलेल्या कार्डाचा निम्मा पुरावा नाहीसा होतो आणि किंमतही उतरते.

न टाकलेल्या, कोऱ्या कार्डाची तपासणी निराळी आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वीचे कार्ड साधारणपणे 9 × 14 सेंटिमीटरचे असते, तर आजचे 10.5 × 14.8 सेंटिमीटरचे. गास्पारी यांच्या लोकप्रिय चित्रांची नवी छपाई पुढेही होत राहिली, आणि तिच्यात पुष्कळदा जुनाच पिवळसर रंग मुद्दाम दिलेला असतो. अशा वेळी नोटा तपासण्याची जांभळी बॅटरी अंधारात कार्डावर धरावी. कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात चकाकी आणणारे रसायन आहे आणि तो साधारण 1950 नंतरचा आहे. चमकला नाही म्हणून मात्र तो जुना ठरत नाही, कारण हे रसायन नसलेला कागद आजही मिळतो.

नंतरची छपाई म्हणजे टाकाऊ, असेही समजू नये. दुसऱ्या महायुद्धानंतर युगोस्लाव्हियात साम्यवादी राजवट आली, धार्मिक सणांचे सार्वजनिक रूप आकसले आणि मुलांना भेटी देण्यासाठी रशियाच्या धर्तीवर ‘देदेक म्राज’, म्हणजे हिमआजोबा, आणले गेले. त्यांचे स्लोव्हेनियन रूप 1952 च्या सुमारास गास्पारी यांनीच घडवले: आतून लोकर असलेला, बाहेरून नक्षी काढलेला चामडी कोट आणि ‘पोल्ह’ या खारीसारख्या प्राण्याच्या कातड्याची गोल टोपी. या प्राण्याची शिकार हा गास्पारी यांच्या जन्मप्रदेशाचा, नोत्रान्स्काचा, जुना रिवाज आहे. राजवटीने मागितलेल्या आजोबांच्या डोक्यावर चित्रकाराने आपल्या गावची टोपी ठेवली, हे आम्हाला फार आवडते. ‘हा सांताक्लॉज आहे, म्हणजे कार्ड बनावट’ असे सांगून ही कार्डे परत पाठवणाऱ्यांनी वरील तपशील पाहावा.

आणखी एक गल्लत हिन्को स्म्रेकार यांच्याशी होते. तेही 1883 चेच, तेही व्हेस्नाचेच आणि लोककथांवरच चित्रे काढणारे. 1917 मध्ये ‘मार्टिन क्रपान’ या कथेसाठी त्यांनी काढलेली चित्रे स्लोव्हेनियात सर्वांना ठाऊक आहेत. त्यांची रेघ तिरकस आणि बोचरी असते, गास्पारी यांची मऊ आणि गोलाईची. स्म्रेकार यांना 1942 च्या ऑक्टोबरमध्ये इटालियन सैन्याने ल्युब्ल्यानात गोळ्या घातल्या, त्यामुळे त्यांच्या चित्रांचा स्वामित्वहक्क आता उरलेला नाही. गास्पारी यांच्या चित्रांचा हक्क मात्र भारतात 2040 अखेरपर्यंत आणि स्लोव्हेनियात 2050 अखेरपर्यंत चालू आहे. लग्नपत्रिका किंवा दिनदर्शिका छापण्यासाठी आम्ही स्कॅन का देत नाही, याचे कारण हेच आहे.

जतनाविषयी थोडेसे. लॅमिनेशन कधीही करू नये. ते पुन्हा निघत नाही आणि लॅमिनेट केलेले कार्ड आम्ही परत घेत नाही. मुंबई आणि कोकणातील दमट हवेत कार्डे एकमेकांना चिकटतात आणि कसर लागते, म्हणून प्रत्येक कार्ड पीव्हीसी नसलेल्या स्वतंत्र पाकिटात उभे ठेवावे. अशी पाकिटे आमच्याकडे मिळतात. कार्डासोबत घेतल्यास ती अल्प दरात दिली जातात.

तपासणीसाठी आम्ही शुल्क घेतो, कारण भिंग, दिवा आणि जुन्या प्रकाशकांच्या क्रमांकांची जुळवाजुळव यांत वेळ जातो आणि ‘नुसते बघून सांगा’ या पद्धतीने दिलेले उत्तर ग्राहकाच्याच अंगाशी येते. आमच्याकडून घेतलेल्या कार्डांना हे शुल्क नाही. पाठवताना दोन्ही बाजूंचे फोटो उजेडात, सरळ वरून, शेजारी पट्टी ठेवून काढावेत. पांढरी किनार कापली जाणार नाही याची काळजी घ्यावी आणि कार्ड अल्बममध्ये चिकटवलेले असल्यास ते स्वतः न उपटता अल्बमसह आणावे.