सुतारकामाच्या घरगुती खोलीची प्रकाशयोजना

गॅरेज, गच्चीवरची पत्र्याची शेड किंवा घरामागची रिकामी खोली यांत हौशी सुतारकाम चालते. तिथे छताला कोणते दिवे, किती आणि कुठे लावायचे यासंबंधीची योजना. पूर्वी सुताराचे काम पडवीत किंवा अंगणात, दिवसाउजेडी होई. नोकरी सांभाळून रात्री रंधा हाती घेणाऱ्याला मात्र सारा उजेड दिव्यांकडूनच घ्यावा लागतो. दुकानात चौकशी होते ती वॉटची. प्रत्यक्षात दिव्याची जागा चुकली तर वॉट दुप्पट करूनही आखणीची रेघ सावलीतच राहते.

दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश ल्युमेनमध्ये आणि कामाच्या पृष्ठावर पडणारा प्रकाश लक्समध्ये मोजतात. एक चौरस मीटरवर एक ल्युमेन पडला की एक लक्स. ईएन १२४६४-१ या युरोपीय मानकात बाकावरचे काम व जोडणी यांसाठी ३००, लाकूडकामाच्या यंत्रांसाठी ५०० आणि पॉलिश, रंगकाम यांसाठी ७५० लक्स सुचवले आहेत. १० × १२ फुटांची खोली सुमारे ११ चौ. मी. भरते. तिथे ५०० लक्स हवे असतील तर बाकाच्या उंचीवर ५,५०० ल्युमेन पोचले पाहिजेत. काही प्रकाश भिंती शोषतात, काही दिव्यावर साचलेला भुसा अडवतो. त्यामुळे निम्माच उपयोगी पडेल असे धरून ११,००० ल्युमेनची तजवीज करावी. चार फुटी, २० वॉटची एलईडी बॅटन (ट्यूबसारखा लांब पट्टीचा दिवा) साधारण २,००० ल्युमेन देते. अशा सहा बॅटन पुरतात, आणि त्यांचा एकूण भार जुन्या चोकवाल्या तीन ट्यूबलाइटांपेक्षाही कमी असतो. छताला व भिंतींना पांढरा रंग दिला तर त्याच दिव्यांत खोली लक्षणीय उजळते. याहून स्वस्त सुधारणा नाही. साठीतल्या माणसाच्या डोळ्यात विशीतल्याच्या मानाने सुमारे एक-तृतीयांशच प्रकाश पडद्यापर्यंत पोचतो. त्यामुळे निवृत्तीनंतर हा छंद धरणाऱ्याने या आकड्यांत कंजुषी करू नये.

खरी गोम सावलीत आहे. आपल्याकडे खोलीत बहुधा मधोमध एकच दिवा असतो आणि बाक भिंतीला टेकवलेला. काम करणारा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला की दिवा त्याच्या पाठीमागे जातो आणि खांद्याची सावली नेमकी पटाशीच्या धारेवर पडते. म्हणून बॅटनची पहिली ओळ बाकाला समांतर, बाकाच्या वर आणि भिंतीकडे किंचित सरकवून लावतात. दुसरी ओळ यंत्रांवर येते. तेवढेच ल्युमेन देणारा एकच मोठा गोल दिवा टाळलेला बरा. त्याची सावली कडक पडते, करवतीचे पाते रेघेवर टेकवताना पाते कुठले आणि सावली कुठली तेच कळेनासे होते. लांब दिव्यांचा प्रकाश अनेक बाजूंनी येतो, सावल्या फिकट पडतात.

मात्र असा सगळीकडून येणारा प्रकाश पृष्ठभागाचे दोष झाकतो. रंधलेली फळी छताच्या उजेडात आरशासारखी वाटते. तीच शेजारी ठेवलेल्या टेबललॅम्पच्या आडव्या उजेडात पाहिली की रंध्याच्या पात्याच्या कोपऱ्यांनी ओढलेल्या रेघा, सँडरचे (पॉलिश पेपरने घासणाऱ्या यंत्राचे) वेटोळे ओरखडे आणि पुसायचा राहिलेला ग्लूचा डाग, सगळे उठून दिसते. त्यासाठी छताच्या प्रत्येक ओळीला वेगळे बटण हवे, म्हणजे तपासणीपुरता वरचा उजेड बंद करता येतो.

फिरत्या यंत्रांमुळे आणखी एक गोष्ट पाहावी लागते. भारतात वीज ५० हर्ट्झची असल्याने चोकवाली ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते. हलक्या दर्जाच्या ड्रायव्हरच्या (दिव्याला वीज पुरवणाऱ्या आतल्या सर्किटच्या) एलईडीतही हाच दोष येतो. लेथवर (लाकूड फिरवून कातण्याच्या यंत्रावर) मिनिटाला १,५०० फेऱ्यांनी फिरणारा चौकोनी ठोकळा दर लुकलुकीत बरोबर पाव वळण घेतो. चारही बाजू सारख्या असल्याने तो थांबल्यासारखा भासतो आणि हात पुढे जाण्याचा धोका असतो. दुकानातच मोबाइलवर दिव्याचे स्लो-मोशन चित्रण करून पाहावे. उजेड ठळकपणे कमी-जास्त होताना किंवा काळे पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा घेऊ नये.

उजेडाची छटा केल्विनमध्ये सांगतात; आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. रंगाच्या बाबतीत ६,५०० केल्विनच्या निळसर दिव्यांचा बाजारात सुळसुळाट आहे. त्यांत सागवानाचा सोनेरीपणा राखट दिसतो. ४,००० ते ५,००० केल्विन आणि रंगदर्शकता निर्देशांक (सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचे माप) किमान ८०, पॉलिश करणाऱ्याला ९०, ही निवड बरी. एवढे करूनही पॉलिशचा नमुना दिवाणखान्यातल्या पिवळ्या दिव्याखाली धरून पाहावाच. तिथे शिसवी छटा बरीच तांबूस दिसते.

काचेची ट्यूब अशा खोलीत नको. ८ × ४ फुटांची प्लायवूडची शीट उभी करून फिरवताना ठेंगण्या शेडमधल्या लोंबत्या दिव्याला कोपरा हमखास लागतो. बॅटन छताला चिकटवून बसवावी, शक्यतो आयपी ६५ दर्जाची, म्हणजे भुसा आत शिरत नाही. हॅलोजनची काच इतकी तापते की तिच्यावर बसलेला बारीक भुसा पेटू शकतो.

दिव्यांची वायरिंग यंत्रांपासून वेगळ्या एमसीबीवर (जादा भार आला की आपोआप पडून वीज तोडणाऱ्या स्विचवर) घेतात. एकाच एमसीबीवर दोन्ही असले आणि करवत अडकून तो पडला, तर पाते अजून फिरत असतानाच अंधार होतो. भारनियमन असलेल्या गावांत छताची निदान एक ओळ इन्व्हर्टरवर ठेवतात, कारण वीज गेल्यावरही पाते थांबायला काही सेकंद लागतात. वीज परत येण्यापूर्वी यंत्राचे बटण बंद करायलाही तोच उजेड उपयोगी पडतो.