नीट परीक्षा आणि कौटुंबिक उत्पन्न

वैद्यकीय पदवी प्रवेशासाठी देशभर होणाऱ्या नीट परीक्षेतील यश आणि विद्यार्थ्याच्या घरची मिळकत यांचा संबंध आहे. १८० प्रश्न, ७२० गुण, पेपर सर्वांना एकच. तो मराठीतूनही देता येतो. फरक पडतो तो तयारीत.

याचा सर्वांत ठळक पुरावा तमिळनाडूत मिळतो. तेथे २००६ च्या कायद्याने प्रवेश परीक्षा बंद होऊन बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळत असत; २०१७ पासून नीट लागू झाली. राज्य सरकारने नेमलेल्या न्या. ए. के. राजन समितीने २०२१ मध्ये दोन्ही काळांची तुलना केली. प्रवेश मिळालेल्यांत वार्षिक अडीच लाखांखालील उत्पन्नाच्या घरांतील मुलांचा वाटा सुमारे ४७ टक्क्यांवरून ४१ टक्क्यांवर आला होता. तमिळ माध्यमाची मुले जवळपास दिसेनाशी झाली. पण खरी मेख आणखी एका आकड्यात आहे: प्रवेश मिळालेल्यांत पुन्हा परीक्षेला बसलेले २०१६-१७ मध्ये १२.४७ टक्के होते, ते २०२०-२१ मध्ये ७१.४२ टक्के झाले.

नीट कितीही वेळा देता येते. नियम सर्वांना सारखा असला, तरी दुसरा प्रयत्न म्हणजे वर्षभर न कमावता बसणे. लातूरला रिपीटर बॅचला मुलगा ठेवायचा तर क्लासची फी, कॉट बेसिसवरची खोली, मेस आणि अभ्यासिका एवढे सगळे आले. दोन-तीन एकर कोरडवाहू जमिनीवर चालणाऱ्या घराला हे कर्ज काढूनच जमते. नाहीतर पहिल्या प्रयत्नात थोडक्यात हुकलेली मुलगी बी.एस्सी.ला जाते आणि तेवढेच गुण मिळवलेली डॉक्टरची मुलगी पुढच्या वर्षी एम.बी.बी.एस.ला. याला गुणवत्तेतला फरक म्हणणे अन्यायाचे आहे.

नीटपूर्वीची व्यवस्थाही निर्मळ नव्हती. खासगी महाविद्यालयांच्या वेगवेगळ्या परीक्षा, प्रत्येकीचा वेगळा फॉर्म आणि उघड गुपित असलेले डोनेशन यांतून नीटने बरीच सुटका केली, हे मान्यच करावे लागते. बारावीच्या गुणांमागेही शिकवण्या असतातच.

तमिळनाडूने २०२० पासून सहावी ते बारावी सरकारी शाळांत शिकलेल्या, नीट उत्तीर्ण मुलांसाठी ७.५ टक्के जागा राखून ठेवल्या. पुढे त्यांच्या शिक्षण शुल्काची आणि वसतिगृहाची जबाबदारीही राज्याने घेतली, कारण खासगी महाविद्यालयात जागा मिळूनही फीअभावी ती सोडावी लागण्याची वेळ काहींवर आली होती.