निधॉग

निधॉग : दोघांनी एकाच पडद्यासमोर शेजारी बसून खेळायचा तलवारबाजीचा व्हिडिओ गेम. मार्क एसेन या अमेरिकी गेमकाराने ‘मेसहॉफ’ या आपल्या छोट्या स्टुडिओतून तो तयार केला. संगणकासाठी तो जानेवारी २०१४ मध्ये विक्रीला आला आणि त्याच वर्षी प्लेस्टेशन ४ व व्हिटा या सोनीच्या गेमयंत्रांवरही पोचला. मोठ्या कंपनीच्या पाठबळाशिवाय बनणाऱ्या अशा खेळांना ‘इंडी गेम’ म्हणतात. संगणकाशी एकट्याने लढायची सोय यात आहे, पण ती सरावापुरतीच धरावी. समोर हाडामांसाचा माणूस नसेल तर या खेळात फार काही उरत नाही.

दोन्ही योद्ध्यांच्या हाती युरोपातली रेपियर असते : बारीक, सरळ, टोचायची तलवार. आपल्याकडे जवळची वस्तू शोधायची तर ती धोप नव्हे, गुप्तीचे पाते. पाते एकदा टेकले की माणूस गेला. आयुष्य दाखवणारी हिरवी-लाल पट्टी इथे नाहीच. गेलेला गडी मात्र काही क्षणांत पुन्हा समोर उभा राहतो, त्यामुळे नुसते मारून कोणी जिंकत नाही. मारणाऱ्याला मिळतो तो पुढे जाण्याचा हक्क. पडद्यावर त्याच्या रंगाचा बाण झळकतो आणि तो पळत सुटतो, एक उजवीकडे तर दुसरा डावीकडे. प्रतिस्पर्धी वाटेत पुन्हा आडवा येतो. त्याला लोळवा, नाहीतर चुकवून निसटा. त्याने तुम्हाला लोळवले की बाण फिरतो आणि कमावलेली जमीन तुकड्या-तुकड्याने परत जाऊ लागते. मैदान असे एकापुढे एक पडद्यांचे असते. आपल्या धावेच्या दिशेचा शेवटचा पडदा जो गाठेल तो विजेता.

या खेळाचे वर्णन बहुधा ‘तलवारबाजी आणि रस्सीखेच’ असे केले जाते. ते खोटे नाही, पण मराठी वाचकाला त्याहून नेमका शब्द घरातच सापडेल : आट्यापाट्या. पाटी धरून उभा असलेला गडी, त्याला हुलकावणी देऊन निसटू पाहणारा दुसरा, एक पाटी ओलांडली की पुढच्या पाटीवर पुन्हा तोच पेच. निधॉगमध्ये सगळ्या पाट्या एकच माणूस धरतो, एवढाच फरक. आट्यापाट्या खेळलेल्याला इथली पहिली शहाणीव लगेच उमगते : हक्क आपल्याकडे असेल तर लढायची गरजच नाही. प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावरून उडी मारून पळालात तरी काम झाले. तलवारीच्या खेळात उत्तम खेळाडू लढाई टाळताना दिसतात, हीच याची गंमत.

बटणे दोनच, वार आणि उडी. बाकी सगळे दिशांच्या कळांवर. तलवार तीन उंचींवर धरता येते : डोक्याशी, छातीशी, गुडघ्याशी. दोघांची पाती एकाच उंचीवर असतील तर वार अडतो. पण समोरच्याच्या पात्यावर आपले पाते नेमक्या वेळी खालून वर किंवा वरून खाली फिरवले, तर त्याची तलवार हातातून उडून पडते. संपूर्ण खेळाचा जीव या एका हालचालीत आहे. तलवार डोक्यावर उचलून फेकताही येते. नेम चुकला तर पुढचा सामना मुठींवर. हवेतून लाथ, जमिनीवरून कोलांटी, पडलेली तलवार वाकून उचलणे, आणि निःशस्त्र झालेल्या पण न खचलेल्या गड्याने केलेले एकदोन फारच रानटी प्रकार, एवढ्यात सगळी युद्धकला संपते. नवखा गडी पहिल्या संध्याकाळी वाराची कळ बडवत सुटतो. मुरलेला त्याच्यासमोर नुसते पाते एक घर वर धरून उभा राहतो आणि पाव्हणे स्वतः चालत येऊन त्यावर चढतात.

‘हक्का’ची ही कल्पना खऱ्या फेन्सिंगमध्येही आहे. फॉइल आणि सेबर या प्रकारांत दोघांचे वार एकदम लागले तर ज्याची चढाई आधीची, त्यालाच गुण मिळतो. एपे प्रकारात असा नियम नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये भवानी देवी (ऑलिंपिक खेळलेली पहिली भारतीय तलवारबाज) सेबर खेळली, तेव्हा वार लागल्याचे दोघांचेही दिवे लागूनही गुण एकालाच का, हा प्रश्न टीव्हीसमोर बसलेल्यांना पडला असेल तर त्याचे उत्तर हेच. मर्दानी खेळातल्या फरी-गदक्याशी मात्र निधॉगचे नाते दूरचे. तिथे ढालीवर घाव झेलायचा असतो. इथे ढालच नाही.

खेळाचा उगम दुकानात नव्हे, प्रदर्शनात आहे. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या गेम सेंटरने २०१० मध्ये ‘नो क्वार्टर’ या प्रदर्शनासाठी तो एसेनकडून करवून घेतला. पुढची काही वर्षे तो अशाच मेळाव्यांत, उभ्याने, भोवती बघ्यांचा घोळका घेऊन खेळला गेला आणि विक्रीला येण्याआधीच त्याचे नाव झाले. २०११ मध्ये इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलचा नूओवो (चाकोरीबाहेरच्या खेळांसाठीचा) पुरस्कार आणि २०१३ मध्ये इंडीकेड या इंडी गेमच्या महोत्सवाचा गेम-रचनेचा पुरस्कार त्याला मिळाला. संगीत डेडलस या संगीतकाराचे. इंटरनेटवरून दूरच्या माणसाशी खेळण्याची सोय दिली गेली, पण सुरुवातीला ती अडखळत चाले आणि त्यावर टीकाही झाली. क्षणाच्या तुकड्यावर मरण ठरणाऱ्या खेळात तेवढा उशीर चालत नाही.

रूप मुद्दाम जुनाट ठेवले आहे : ठोकळेबाज आकृत्या, चेहरे नाहीत, सपाट रंग. किल्ला, खाण, रान आणि ढग अशी चार मैदाने आहेत. रानात उंच गवत पाती झाकते, तेव्हा समोरच्याने तलवार कुठल्या उंचीवर धरली आहे हे अंदाजानेच ओळखावे लागते. एक योद्धा पिवळा, दुसरा केशरी, आणि रक्तही ज्याचे त्याच्या रंगाचे. नाशिककराला इथे रंगपंचमी आठवावी. जुन्या नाशकात पेशवाईपासूनच्या रहाडी (रंगाने भरायचे जमिनीतले हौद) आहेत आणि प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला : तिवंध्याची पिवळी, दिल्ली दरवाजाची केशरी. दहा मिनिटे चाललेल्या सामन्यानंतर किल्ल्याच्या भिंती पाहिल्या, तर दोन्ही रहाडींतली मंडळी तिथून नुकतीच गेली असावीत असे वाटते.

नाशकात हा खेळ आमच्या पाहण्यात आला तो कॉलेज रोड-गंगापूर रोडकडच्या भाड्याच्या खोल्यांत, एका लॅपटॉपवर, दोघे खेळणारे आणि चार-पाच मागून ‘भो, खाली धर! पळ ना भो!’ असे सल्ले देणारे. गेमपॅड कोणाकडेच नसे, म्हणून एकाच कीबोर्डवर दोघांचे दहा-बारा बोटांचे भांडण. त्यात एक हमखास तंटा उभा राहायचा : ‘मी कळ दाबली होती, तलवार वर गेलीच नाही.’ ही सबब बऱ्याचदा खरी असते. स्वस्त कीबोर्डमध्ये कळा आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर बसवलेल्या असतात. जाळीतल्या एखाद्या चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरच्या कळा एकदम दाबल्या गेल्या की चौथीही दाबल्यासारखी भासते. हा गोंधळ टाळण्यासाठी कीबोर्ड काही कळांची दखलच घेत नाही. एकाने पळण्याची कळ धरून ठेवली, की दुसऱ्याचा वार गिळला जाऊ शकतो. उपाय सोपा आहे. माळ्यावरचा जुना यूएसबी कीबोर्ड काढून जोडावा. प्रत्येक कीबोर्डची जाळी वेगळी असल्याने तंटा मिटतो. आमच्या खोलीत तो मिटला नाही, कारण जुन्या कीबोर्डची डावी कळ अडकत होती आणि तो कोणी घ्यायचा यावर नवा सुरू झाला.

दुसरा भाग ‘निधॉग २’ ऑगस्ट २०१७ मध्ये आला. त्यात खंजीर, रुंद तलवार आणि धनुष्यबाण ही हत्यारे वाढली आणि सपाट आकृत्यांच्या जागी मातीच्या गोळ्यांसारखी ओघळती, जाणूनबुजून ओंगळ माणसे आली. हत्यारांमुळे वैविध्य आले. पण दोघांकडे सारखेच पाते असण्यातली स्वच्छ चुरस गेली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

नावाचा उलगडा शेवटच्या पडद्यावर होतो. निधॉग हा नॉर्स पुराणातला, विश्ववृक्षाची मुळे कुरतडणारा नाग. आपला शेष पृथ्वी तोलून धरतो, हा तिच्या आधारालाच दात लावतो. विजेता शेवटच्या पडद्यावर पोचतो, बघ्यांची गर्दी जमलेली असते, आणि आभाळातून एक अजस्र अळीसारखा प्राणी येऊन त्याला गिळून टाकतो. हाच विजय. खोलीत पहिल्यांदा जिंकणारा गडी त्यावर हमखास मागे वळून विचारतो, ‘म्हणजे मी हरलो का?’