हुरड्याच्या शेतात वाईन आणि बिअर: सोलापूरची पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्याला गावाकडचं पर्यटन नवं नाही. थंडी पडली की पुण्या-मुंबईची माणसं हुरड्यासाठी इथल्या शेतात येतात. आगटीत भाजलेली कणसं, हातावर चोळून दिलेला गरम हुरडा, शेंगाचटणी, गूळ, दही. पूर्वी हा पाहुणचार सोयऱ्या-मित्रांपुरता होता; आता माणशी दर ठरतो आणि आठवडाभर आधी नोंदणी होते. अशा पाहुण्यांना गावातच तयार झालेली बिअर किंवा वाईन द्यावी आणि त्यातून गावात चार पैसे यावेत, ही कल्पना ऐकायला सोपी आहे. पण तिच्यामागे जवळजवळ दीडशे वर्षांचा कायदा आहे आणि या जिल्ह्याच्या पिकांचा इतिहास आहे. तो समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

गावात पेय तयार करण्याची परंपरा मोडली ती इंग्रजी अमलात. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळणं, ताडी काढणं, विकणं हे सगळं परवान्याखाली आणलं. महसूल एका जागी गोळा व्हावा म्हणून गावोगावच्या छोट्या भट्ट्या बंद पडल्या आणि मोठे ठेकेदार उरले. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला. तो सैल होत गेला, पण आजही महाराष्ट्रातला मद्यव्यवहार त्याच कायद्याच्या चौकटीत चालतो आणि पिणाऱ्याला परवाना लागतो तोही त्यामुळेच. युरोपात खेड्यातल्या ब्रुअरीला शेकडो वर्षांचा सलग वारसा सांगता येतो. आपल्याकडे तो तुटलेला आहे.

बदलाची सुरुवात झाली द्राक्षापासून. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं, राज्यातल्या द्राक्षांच्या वाईनला उत्पादन शुल्कात माफी दिली आणि नाशिकजवळ विंचूरला व सांगलीत पलूसला वाईन पार्क काढले. सोलापूरच्या वाट्याला पार्क आला नाही. खरं तर द्राक्षात हा जिल्हा कुणाच्या मागे नव्हता. उत्तर सोलापुरातल्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी आपल्या बागेत सोनाका आणि शरद सीडलेस ही वाणं निवडून वाढवली, ती राज्यभर गेली. मात्र ही खाण्याची आणि बेदाण्याची द्राक्षं. वाईनची द्राक्षं वेगळी असतात: लहान मणी, जाड साल, बिया, आणि ठरलेला कारखाना सोडला तर दुसरं गिऱ्हाईक नाही.

तरीही माळशिरस तालुक्यात वाईन उभी राहिली. अकलूजचे मोहिते-पाटील बंधू, इटलीचे सेक्ची बंधू आणि दिल्लीचे सेखरी बंधू यांनी मिळून फ्रातेल्ली ही कंपनी काढली. मोटेवाडी, गारवाड आणि निमगाव इथे सुमारे २४० एकरांवर वेली लावल्या. इटलीतल्या टस्कनीचे वाईनतज्ज्ञ पिएरो मासी यांनी तिथली वाईन घडवली. उसाच्या आणि दुष्काळाच्या बातम्यांत दिसणाऱ्या तालुक्यात पाहुणे वेली पाहायला आणि मुक्कामाला येऊ लागले. माझ्या मते जिल्ह्यातल्या या पर्यटनाची खरी सुरुवात हीच. स्वतःच्या जमिनीवर द्राक्ष, तिथेच वाईन, तिथेच पाहुणा, असा मेळ इथे बसला.

पण त्याच काळात राज्यातल्या बाकी वाईन उद्योगाचं जे झालं, ते विसरून चालणार नाही. २००८ ची मंदी आणि मुंबईवरचा हल्ला यांनंतर वाईनची मागणी घसरली. नारायणगावची मोठी कंपनी कोसळली आणि करारावर वेली लावलेल्या शेतकऱ्यांची द्राक्षं पडून राहिली. अनेकांनी वाईनच्या बागा उपटून टाकल्या. त्या द्राक्षाला बाजार समितीत भाव मिळत नाही, खाऊन संपवता येत नाही. गावाला या धंद्यात उतरवायचं असेल, तर भावाची हमी आधी लिहून घ्यायला हवी.

बिअरची गोष्ट निराळी. २००९ मध्ये पुण्यात डूलाली सुरू झाली आणि मायक्रोब्रुअरी, म्हणजे थोडी बिअर जागेवरच बनवून विकणारी जागा, मराठी शहरात आली. पण ती शहरातच राहिली. तिचं बार्ली माल्ट (मोड आणून वाळवलेले जव) उत्तर भारतातून किंवा परदेशातून येतं, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) तर बहुतेक परदेशातूनच. अशी बिअर मंगळवेढ्यात बनवली, तर तिच्यात मंगळवेढ्याचं काय असेल? इथलं धान्य म्हणजे ज्वारी. मोहोळच्या ज्वारी संशोधन केंद्रात निवडलेलं मालदांडी ३५-१ हे वाण आजही रब्बीचा कणा आहे, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

ज्वारीची बिअर होते. आफ्रिकेत ती घरोघरी होत आली आहे. नायजेरियाने १९८८ मध्ये बार्ली माल्टची आयात बंद केल्यावर तिथल्या मोठ्या कंपन्याही ज्वारीकडे वळल्या. अडचण एवढीच, की ज्वारीच्या माल्टमध्ये पिठाची साखर करणारी विकरं (एन्झाइम) बार्लीपेक्षा कमी पडतात आणि तिचं पीठ शिजायला जास्त तापमान लागतं. म्हणून ती वेगळी शिजवावी लागते किंवा बाहेरून विकरं घालावी लागतात. शिवाय एक लिटर बिअरमागे कित्येक लिटर पाणी जातं. ज्या सोलापूर शहरात नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येतं, तिथे हा हिशेब आधी मांडावा लागेल.

याआधी धान्यापासून मद्य हा विषय राज्यात पेटलेला आहे. २००७ च्या सुमारास सरकारने धान्याधारित मद्यार्काला अनुदान देऊ केलं, तेव्हा ज्वारी-बाजरी खाणाऱ्यांच्या ताटातून काढून बाटलीत भरायची का, असा प्रश्न विचारला गेला आणि तो रास्तच होता. गावोगावच्या बायकांनी मतदानात ‘आडवी बाटली’ला, म्हणजे दारूबंदीच्या बाजूच्या चिन्हाला, मत देऊन दारूची दुकानं बंद केली, तीही याच राज्यात. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाईन विकायचा निर्णय झाला, पण विरोधामुळे तो अमलात आला नाही.

सोलापुरात या विरोधाला आणखी धार आहे. ज्या माळशिरस तालुक्यात वेली आहेत, त्याच तालुक्यातून ज्ञानोबांची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करत पुढे सरकते आणि अकलूजला तुकोबांच्या पालखीचं गोल रिंगण होतं. आषाढीला राज्यभर मद्यविक्री बंद असते. गावात टेस्टिंग रूम (पाहुण्यांना पेय चाखायला देण्याची जागा) काढणाऱ्याने ग्रामसभेत, विशेषतः बायकांसमोर, आधी बोलावं असं मला मनापासून वाटतं.

२०२० मध्ये राज्याने कृषी पर्यटन धोरण जाहीर केलं आणि शेतात पाहुणा ठेवायला सरकारी ओळख मिळाली. २०२३ च्या फेब्रुवारीत मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू झाली, २०२५ च्या जूनमध्ये गोव्याचं विमान. येण्याची वाट मोकळी झाली आहे. मात्र शेतावर हुरडा देणाऱ्या शेतकऱ्याला स्वतःच्या ज्वारीची थोडी बिअर करून तिथेच विकायची म्हटली, तर त्याला उत्पादन शुल्क खात्याच्या त्याच परवान्यांच्या दारात उभं राहावं लागतं, जे मोठ्या गुंतवणुकीचा हिशेब धरून आखलेले आहेत.